डॉक्टरसाहेबांची पांढरी गाडी

भिलाईच्या प्लांटमध्ये बत्तीस वर्षं मी मीटर दुरुस्त केले. भट्टीचं तापमान, गॅसचा दाब, काटा खरं बोलतो की खोटं, हे सांगायचाच मला पगार मिळायचा. त्यामुळे रिटायर झाल्यावर जुनी गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा कुणाचा सल्ला घ्यायची गरज मला वाटली नाही. बायको जन्मभर दवाखान्यात नर्स होती. तिला सोबत नेलं ते रंग पसंत करायला.

जुनवानीकडच्या एका दुकानात पांढरी गाडी धुऊनपुसून उभी होती. विकणारा इतका नम्र, की तो लबाड असेल असं मनात आणायचीही लाज वाटावी.

"अंकल, डॉक्टरसाहब की गाडी है. संडे को मंदिर, बस."

गाडी नऊ वर्षांची, मीटरवर अठ्ठावीस हजार. मी मनात हिशेब केला. आठवड्याला साठेक किलोमीटर. मंदिर जरा लांबचं असेल. आकडे कसे स्वच्छ, सरळ रेषेत उभे होते. मी खूश झालो.

बायको मात्र ड्रायव्हरच्या दारात वाकून खाली पाहत होती.

"अहो, ब्रेकच्या पेडलचं रबर पाहा. अठ्ठावीस हजारात इतकं कावून घासलं?"

"डॉक्टर जोरात दाबत असतील," मी म्हणालो. दुकानदाराचं वकीलपत्र मी फुकटात कधी घेतलं, ते मला आजही आठवत नाही.

"पेशंट वय चोरते तेव्हा आमी त्याच्या टाचा पाहतो. तुमी नुसतं तोंड पाहून राहिले."

मग तिने स्टिअरिंगवरून हात फिरवला. ते टकलासारखं गुळगुळीत झालं होतं. सीटची एक बाजू दबून गेली होती. शेवटी दाराच्या कडेला, पॉलिशखाली, अर्धवट खरवडलेलं ऑइल बदलल्याचं स्टिकर सापडलं. पुढचं ऑइल एक लाख बारा हजार किलोमीटरवर. खाली उतईच्या गॅरेजचं नाव.

"वो दूसरी गाडी का होगा, आंटी."

"दुसऱ्या गाडीचं स्टिकर या दाराले कावून लावलं मग?"

त्यावर त्याने आम्हाला थंड पाणी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं स्कूटरवर उतईला गेलो. मेकॅनिकने बायकोने मोबाइलवर काढलेला गाडीचा फोटो पाहिला आणि जुना सोयरा भेटल्यासारखा हसला. या गाडीने सहा वर्षं उतईहून दुर्गला शाळेची पोरं नेली होती, एका खेपेला बारा-बारा. इंजिन त्याने स्वतः दोनदा खोललं होतं.

"और वो डॉक्टरसाहब?" मी विचारलं.

"इसका डॉक्टर तो मैं ही हूँ."

परतीच्या वाटेवर बत्तीस वर्षांची माझी नोकरी स्कूटरवर आम्हा दोघांच्या मधे बसून आली. आठवड्याने दुकानदाराचा फोन आला, अजून चांगली गाडी आली आहे, मास्तरांची, मीटरवर फक्त बावीस हजार. माझ्यावरचा त्याचा विश्वास काही तुटला नव्हता.

शेवटी गाडी मिळाली ती कुरुदला, रेल्वेतून रिटायर झालेल्या एका काकांकडे. आमच्यासारखेच नागपूरकडचे. मीटरवर एक लाख चार हजार. सर्व्हिसची सगळी बिलं त्यांनी पुढ्यात ठेवली आणि दोष सांगायला बसले. चढावर एसी दमते. मागचं डावं दार खडखडते. पावसात डिक्कीत पाणी येते. स्वतःच्या वस्तूची इतकी बदनामी करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. बायकोने वाकून ब्रेकचं रबर पाहिलं. लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीचं असावं तसंच ते झिजलं होतं.

"घ्या," ती म्हणाली. मी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही.

किल्ली देताना काकांनी मला जरा बाजूला घेतलं.

"मले वाटलं, तुमीही परत जाल. चार गिऱ्हाईकं आकडा पाहूनच निघून गेले. एक जण तर म्हणे, काका, मीटर थोडं मागं करून ठेवा ना. घ्यायले बरं वाटते."