आत्याचा फॉर्म

नावं इथे कुणाचीच लिहिणार नाही. नावांनी मला एकदा इतका ताप दिला आहे की पुन्हा त्या वाटेला जायची हौस उरलेली नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, पांढुर्ण्याची. मी बी.ए. होऊन घरी बसले होते, आणि घरी बसलेल्या बऱ्या अक्षराच्या मुलीला गावातली सगळी लिखापढी आपोआप चिकटते. लग्नपत्रिकांवरचे पत्ते मी लिहायचे, दाखल्यांचे अर्ज मी लिहायचे, गल्लीतल्या तीन सुनांची माहेरची पत्रंही मीच लिहायचे. त्यात आमच्या समाजाने वंशावळीचं पुस्तक काढायचं ठरवलं. पांढुर्णा आणि सौंसर दोन्हीकडच्या घराघराची वंशावळ, फोटोसकट, नागपूरला छापून घ्यायची. सेक्रेटरी म्हणून सौंसरचे एक निवृत्त गुरुजी नेमले गेले. त्यांनी छापील फॉर्म पाठवले. बाबांनी आमचा फॉर्म माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, "आपलं तं तयारच हाय. फक्त उतरवून काढाचं."

त्या 'फक्त'चा राग मला अजून आहे.

आमचं तयार होतं ते एका मांजरपाटाच्या कापडावर. बाबांनी दोन उन्हाळे खपून त्यावर झाड काढलं होतं. इतर लोक वड काढतात. आमची बाग संत्र्याची, म्हणून बाबांनी संत्र्याचं काढलं. खोडापाशी मूळपुरुष, वर सात पिढ्यांच्या फांद्या. पुरुष म्हणजे संत्री, आणि ज्याचा फोटो मिळाला त्याच्या संत्र्यात फोटो. त्यांच्या बायका शेजारची पानं. मुली म्हणजे पांढरी फुलं, बिननावाची. फुलंच का, असं मी लहानपणी विचारलं होतं. "सारा बहार झाडावर थोडीच राह्यते," बाबा म्हणाले होते. मी आणि माझी बहीण अशी दोन फुलं होतो. सगळ्या झाडावर एकाच मुलीला बाबांनी नावानिशी, फोटोनिशी संत्रं दिलं होतं. ती त्यांची मोठी बहीण, आमची आत्या.

आत्याचं सासर सावरगावचं. म्हणजे जाम नदीच्या पलीकडे, आमच्या घरून पायी पंधरा मिनिटं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत रोवलेल्या झेंड्यासाठी दोन्ही काठ एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमारी इथलीच. तिला मूल झालं नाही, नवऱ्याने दुसरी केली. तरी सासू होती तोवर आत्या तिथे राहिली. सासू गेली, तेराव्याची पंगत वाढून झाली, आणि त्याच दुपारी ती पूल ओलांडून माहेरी आली ती कायमची. आमच्या मागच्या खोलीत तिची वेगळी चूल होती, वेगळं राशन कार्ड होतं. आई दिवसभर बागेत असायची, त्यामुळे आम्हा दोघी बहिणींना आत्यानेच वाढवलं.

फॉर्म आला तेव्हा ती माझ्याशेजारी येऊन बसली. तिला वाचता येत नव्हतं. कागदाकडे बघत तिने विचारलं, "यात माही जागा कुठं हाय?"

"असेल ना," मी म्हणाले. "बाबांनी तुला झाडावर घेतलंय, म्हणजे इथेही असणारच."

"पाह्य बरं. पुस्तक छापलं का मंग पुसता येत नाई. एक ओळ पाहिजे मले. जास्त नाई."

मी हो म्हणाले. फॉर्म वाचायच्या आधी हो म्हणाले, हा माझा स्वभाव.

मग फॉर्म वाचला. सात पिढ्यांच्या झाडासाठी त्यात चार पिढ्यांचे चौकोन होते. प्रत्येक चौकोनात कुटुंबप्रमुख, पत्नी, मुलगे (नावे), मुली (संख्या). फोटो फक्त कुटुंबप्रमुखाचा, तोही शक्यतो जोडीने. तळाला ठळक अक्षरात 'चौकटीबाहेर लिहू नये'. मी माझ्या त्या बऱ्या अक्षरात बाबांच्या नावाखाली लिहिलं, मुली : २. म्हणजे मी आणि बहीण. आजोबांच्या चौकोनात लिहिलं, मुली : १. आत्याला हवी असलेली ओळ ती एवढीच होती, एक आकडा.

दरम्यान कापडावरचे फोटो सोडवायचं काम चालू केलं होतं, त्यात माझ्या नाकी नऊ आले. बाबांनी ते मैद्याच्या खळीने चिकटवले होते, किडा लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालून. किडा लागला नाही हे खरं, पण फोटोही निघेनात. ओलं फडकं ठेवून पाहिलं, चहाच्या भांड्याची वाफ दिली, शेवटी ब्लेड घेतलं. आजोबांचा फेटा हातात आला आणि चेहरा कापडावर राहिला. काही फोटो धड निघाले, पण त्यांच्या पाठीवर लिहिलेली नावं कापडाला उलटी चिकटून बसली. ती मी आरशात धरून वाचली. तीन फेटेवाले तर असे निघाले की त्यांतला कोण कुणाचा, काही कळेना. बाबांना विचारलं की दर वेळी वेगळंच सांगत, आणि वर मलाच म्हणत की तू गोंधळ करून राहिली.

आत्याने तिन्ही फोटो उजेडात धरले. "याचा डावा कान मोडेल हाय, हा थोरला. हा मोहगावचा, दत्तक गेलता. अन् हा तोंड वाकडं करून बसला तो तुहा पणजोबा." अख्खं झाड तिला तोंडपाठ होतं, आणि फॉर्मात तिच्या वाट्याला एक आकडा.

तिचा स्वतःचा फोटो निघताना गालावर फाटला. लग्नाच्या वेळचा, एकुलता एक. मला रडू फुटायचंच बाकी होतं. ती म्हणाली, "जाऊ दे. थे पोरगी मलेबी आठवत नाई."

मी धीर करून नियम मोडला. आजोबांच्या चौकोनाखाली, चौकटीबाहेर, बारीक अक्षरात आत्याचं नाव लिहिलं आणि फॉर्म घेऊन बसने सौंसरला गेले. गुरुजींनी तो नाकाजवळ धरून वाचला आणि नेमकं तिथे बोट ठेवलं.

"हे काय?"

"आत्या. आमच्याकडेच राहते."

"लेकी लिहाच्या तं साऱ्याइच्या लिहा लागंल. हे पुस्तक हाय का ट्रक? तिचं नाव तिच्या सासरच्या फॉर्मात यील."

घरी आले आणि दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून सावरगावला गेले. तिथला फॉर्म भरून तयार होता. आत्याचा नवरा आणि त्याची दुसरी बायको, जोडीने फोटो, अगदी नियमात. त्याचा भाऊ ओट्यावर बसला होता. तो वाईट माणूस नव्हता, चहाही दिला. पण म्हणाला, "पंचवीस वर्षं झाली, थे तं तुमच्याइकडंच हाय. तुम्हीच लिवा ना."

मी परत येऊन हे सांगितलं तेव्हा आत्या हसायला लागली. "गोटमारीतल्या झेंड्यासाठी दोन्ही काठाचे लोक डोस्के फोडून घेतेत. अन् मले दोन्ही काठ म्हणतेत, तिकडं न्या." मला हसू आलं नाही. मला त्या फॉर्मची होळी करावीशी वाटत होती.

मग एक दिवस राशनच्या रांगेत उभी असताना तिच्या कार्डाकडे माझं लक्ष गेलं. आमचं राज्य हिंदी, त्यामुळे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. कार्डावर हिंदीत छापलं होतं, 'मुखिया का नाम', आणि पुढे आत्याचं नाव. मुखिया म्हणजे कुटुंबप्रमुखच की. मी तिथून थेट घरी आले, कोरा फॉर्म काढला आणि आत्याचं स्वतंत्र कुटुंब भरलं. पत्नी, रेघ. मुलगे, रेघ. मुली, रेघ. पुन्हा सौंसरची बस.

"एकटी बाई म्हंजे कुटुंब?" गुरुजी म्हणाले.

"सरकार म्हणतं."

"सरकार हिंदी हाय," गुरुजी म्हणाले. पण कार्डावरच्या शिक्क्याला ते वचकले असावेत, कारण त्यांनी फॉर्म ठेवून घेतला. मी उठणार तोच पुन्हा बोट ठेवलं. "थांब. कार्डावरचं नाव येगळं, फॉर्मातलं येगळं. ह्या दोन बाया झाल्या."

घोडं इथे अडलं होतं. आमच्याकडे लग्नात नवरदेव ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितो. मी फॉर्मात आत्याचं माहेरचं नाव लिहिलं होतं, जे झाडावर होतं. कार्डावर सावरगावचं होतं, तांदळातलं. आमच्या घरात ते नाव मी कधी ऐकलंही नव्हतं. कार्ड करताना तिने बाबूला तेच का सांगितलं, कोण जाणे. गुरुजींनी निकाल दिला की दोन्ही कागदांवर एकच नाव पाहिजे, नवा फोटो पाहिजे, आणि आठ दिवसांत पाहिजे, कारण मग गठ्ठा नागपूरला जाणार.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या देत होते. गुरुजींना, सावरगावला, आणि बाबांनाही, कारण फॉर्म टाकून ते स्वतः बागेत निघून गेले होते. मी कार्डावरचं नाव बदलून घ्यायचं ठरवलं. तहसील कचेरीत दोन दिवस घातले, अर्ज लिहिला, कोणत्या बाबूकडे कधी जायचं ते ठरवून आले. फक्त आत्याचा अंगठा राहिला होता.

तिने अर्ज ऐकून घेतला आणि हात मागे घेतला. "कार्ड राहू दे. फॉर्मातच बदल कर. तिकडचं नाव टाक."

"तिकडचं? ज्यांनी तुला साधी एक ओळ दिली नाही त्यांचं?"

"हो."

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. मी हे मोठ्याने म्हणाले, आणि वर बरंच काही म्हणाले जे आत्याला म्हणायला नको होतं. ज्या माणसाने तुझ्यावर सवत आणली त्याने ठेवलेलं नाव तुला मिरवायचंय, असंही म्हणाले. तिने मला पूर्ण बोलू दिलं.

मग म्हणाली, "त्यानं नाई ठेवलं, पोरी. त्याले काय सुचते? त्यानं फक्त तांदळात लिवलं. ठेवलं तं सासूनं. तिच्या मायचं नाव होतं थे. पंधरा वर्षं रोज सकाळी त्याच नावानं हाक मारे मले. इथं आली तसं तुह्या बाबासाठी मी बाई, तुमच्यासाठी आत्या. माहेरचं नाव झाडावर हाय, तुह्या बाबाले मालूम हाय. तिकडचं नाव आता कोणाच्याच तोंडी नाई. मी मेली का थे गेलं."

मी अर्जाची घडी घातली. पण राग गेला असं खोटं सांगणार नाही. माझी सगळी लढाई पलीकडच्या त्या माणसाशी होती, आणि हिच्या मनात तो माणूस नव्हताच. मी दोन दिवस तिच्याशी तुटक वागले, तिसऱ्या दिवशी फॉर्म नव्याने लिहिला.

स्टेशनकडच्या स्टुडिओत तिचा फोटो काढला. धुतलेलं लुगडं, तेल लावून बसवलेले केस. फोटोवाला तीनदा हसा म्हणाला, ती हसली नाही. मी सौंसरला तिसऱ्यांदा गेले. गुरुजींनी कार्ड आणि फॉर्म शेजारी ठेवून अक्षर न अक्षर पडताळलं. "आडनाव सावरगावचं, अन् बाई तुमच्या पानावर. लोक इचारतीन, ही कोण."

"विचारू द्या," मी म्हणाले.

पुस्तक यायला वर्ष लागलं. आलं ते चुकांनी भरलेलं. मोडक्या कानाच्या थोरल्याखाली पणजोबांचं नाव होतं आणि पणजोबांखाली मोहगावच्या दत्तकाचं. आईच्या नावातली वेलांटी उडून तिची भलतीच कुणी झाली होती. बाबांच्या चौकोनात छापलं होतं, मुली : १. आमच्यातली कोण गळाली यावर बहिणीचं आणि माझं अजूनही एकमत नाही. एवढ्या बसा, एवढी वाफ आणि एवढं ब्लेड, त्याचं हे फळ. मी पुस्तक भिंतीवर फेकणार होते.

बाबांनी ते माझ्या हातून घेतलं, चष्मा लावून आमचं पान काढलं, आणि शेवटच्या चौकोनावर थांबले. नाव वाचून म्हणाले, "ही कोण बाई?" मग फोटोकडे पाहिलं आणि पुस्तक हळूच माझ्या हातात परत दिलं.

आत्या मागच्या अंगणात सुपात तुरीची डाळ निवडत होती. माझी चाहूल लागली तशी मान वर न करता म्हणाली, "आलं म्हणे पुस्तक."

"आलं. सगळं चुकीचं आहे."

"माहं?"

मी पान काढलं. फोटो तिचाच होता, न हसलेला. खालचं नाव मी आधी मनात वाचलं, एकेक अक्षर. सगळ्या पुस्तकात तेवढं एक त्यांनी बरोबर छापलं होतं.

"वाच," ती म्हणाली.

मी चिडलेलीच होते, त्यामुळे जरा मोठ्यानेच वाचलं. नाव वाचून मी श्वास घ्यायला थांबले. पुढे आडनाव वाचायचं होतं, पण तेवढ्यात तिने हातातलं सूप खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाली, "जी, आली."