ओस्मुनचा थॉर

आमच्या फ्योर्डच्या खाडीकाठच्या गावात दर उन्हाळ्यात चर्चमागच्या माळावर एकच शोकनाटक होतं. राजा येतो, सगळ्यांना बाप्तिस्मा घ्यायला लावतो, सोट्याने थॉरची मूर्ती फोडतो आणि जुनं दैवत न सोडणारी म्हातारी त्या तुकड्यांवर पडून प्राण सोडते. राजा मी. म्हातारी गुनवोर. मूर्ती तिच्या नवऱ्याची, ओस्मुन सुताराची.

ओस्मुन अख्खा हिवाळा थॉर कोरायचा आणि शेवटी पाठीमागून करवतीने खोल खाच द्यायचा, म्हणजे माझ्या एका घावात काम फत्ते. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या कुंडाचं झाकणही त्याचंच.

"हात तेच, लाकूड तेच," तो करवादायचा. "त्या झाकणाला तुम्ही तेल लावता, आणि माझा थॉर चुलीत घालून वाफल भाजता!"

खोटं नव्हतं. प्रयोगानंतर गोड वाफल भाजायची चूल त्याच ढलप्यांवर पेटायची.

"अरे, नाटकच आहे ते," मी म्हणायचो.

"मग एकदा तुझा राजा मरू दे की. नाटकच आहे!"

यंदा त्याने खाच दिलीच नाही. मला काय ठाऊक! घाव घातला तर माझ्याच हाताला झिणझिण्या. थॉर जसाच्या तसा. दुसरा घाव, तिसरा घाव. माळावर हशा पिकला.

"हाल्वर, घरी जेवायला घालत नाहीत काय रे?" कुणीतरी माझ्याकडे बघून ओरडलं.

गुनवोर गुडघ्यांवर तशीच ताटकळलेली. वर्षातून एकदा माणसं तिच्यासाठी रडायची. आज तिच्यासमोर फिदीफिदी हसत होती. तिची हनुवटी थरथरायला लागली.

तेवढ्यात खडकाआडून ओस्मुन आला, कामाच्याच कपड्यांत, हातात कुऱ्हाड. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. बायकोकडे पाहिलं आणि एका घावात थॉर उभा चिरला.

गुनवोर तुकड्यांवर कोसळली. माळावरचा हशा विरला. बायका डोळे पुसू लागल्या.

"असा शेवट आजवर झाला नव्हता!" पाद्रीबुवा माझा हात हलवत म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली; फजिती माझी झाली होती आणि घाव ओस्मुनचा होता.

तुकडे ओस्मुननेच चुलीपाशी आणून टाकले, आणि ते पाहून माझा राग ओसरला.

"चुकलंच माझं, यंदा मी आणखी जोर लावला असता तर..." मी पुटपुटलो.

"गप रे. इतकी वर्षं तुझ्यावर तरी चिडता येत होतं," तो म्हणाला. "आता कुणावर चिडू?"