बारा आकड्यांची गाय

कार्ड हातात पडलं की आमचे साहेब आधी कार्डाकडे बघायचे, मग आणणाऱ्याच्या तोंडाकडे. “खाडाखोड कुणी केली?” हा पहिला सवाल. खाडाखोड नसली तरी! असा माणूस तुम्हीही कुठल्यातरी कचेरीत पाहिला असेल.

नळदुर्गच्या बाजूला एका गावात जनावरांच्या दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली होतो. गाईम्हशींच्या कानात पिवळा बिल्ला मारायचा आणि त्यावरचा बारा आकडी नंबर मालकाच्या कार्डावर उतरवायचा, हे आमचं काम. लोक दुसऱ्याचं जनावर आपलं म्हणून दाखवतात, असा त्यांचा पक्का वहीम. म्हणून ते बारा आकड्यांची बेरीज करायचे, बेरजेतल्या आकड्यांची पुन्हा बेरीज, एकच आकडा उरेपर्यंत. तो कार्डाच्या कोपऱ्यात लिहून भोवती गोल करायचे. “माणूस बनवील, बेरीज न्हाय बनवायची.” मलाही तीच बेरीज पुन्हा करायला लावायचे. वैताग नुसता!

मग शेवंताबाईची देवणी गाय चोरीला गेली. बाई एकटी, दारात जनावर तेवढं एकच. महिन्याने गाय शेजारच्या गावात एका गोठ्यात सापडली. “म्या बाजारात घेतलीय,” गोठेवाला म्हणाला. सगळे दवाखान्यात आले. कानातल्या नंबराच्या शेवटी ७२६४, बाईच्या कार्डावर २७६४. आधीचे आठ आकडे तेच.

“खाडाखोड कुणी केली, बाई?”

बाईला रडूच फुटलं. मला असा राग आला त्यांचा!

त्यांनी बेरीज केली. कानाची पाच, कार्डाची पाच, कोपऱ्यातही पाच. मग एका नंबरातून दुसरा वजा केला. उरले साडेचार हजार. चार नि पाच नऊ. पेन खाली ठेवून ते मला हळूच म्हणाले, “दोन आकड्यांनी जागा बदलल्या की फरकाला नवाचा भाग जातोच. अन् बेरीज हाय तीच राहती. इतकी वर्षं ध्यानातच न्हाय आलं बघ.” कार्डावरचं अक्षर त्यांचंच होतं.

“गप बसा साहेब, रिटायरला सात महिने राहिलेत,” मी कुजबुजलो.

ते उभे राहिले. “गाय बाईचीच हाय. नंबर म्या चुकवलाय. लिहून देतो.”

दुरुस्तीसाठी त्यांनी कार्ड मागितलं, तर बाईने ते पदरात लपवलं. “न्हाय साहेब. आदी दुसऱ्याकडनं वाचून घेते, मंग देते.” लोक खो खो हसले. साहेब मान खाली घालून बसले. मला लई वाईट वाटलं.

पुढचे सात महिने आम्ही गोठ्यागोठ्यात फिरलो. मी कान वाचायचा, त्यांनी कार्ड, एकेक आकडा मोठ्याने. दुसरी चूक निघाली नाही. निरोपाच्या दिवशी मी खुशीत म्हणालो, “सगळ्यात मिळून एकच, साहेब!”

“मंग तू नीट वाचलं न्हायस,” म्हणाले आणि एसटीत चढले.

गेल्या वर्षी ते वारले. आता नंबर मीच उतरवतो. लोक डोळे झाकून कार्ड घेऊन जातात. माझ्यावर संशय घ्यायला कुणी नाही, आणि त्याचीच भीती वाटते.