भिंतीवरच्या दोन बिननावाच्या खुणा

माझा उजवा खांदा मी स्वतः बरा केलेला नाही. ही गोष्ट आजवर मी कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. निगडीतल्या माझ्या क्लिनिकमध्ये येणाऱ्या पेशंटना मी गेली चार वर्षं हात गरगर फिरवून दाखवत आलोय, 'बघा, माझाच दुखत होता, याच मशीनवर बरा झाला' असं सांगत आलोय... तो खांदा माझ्या मित्रानं, मिलिंदनं बरा केला होता. मिलिंदला जाऊन आता सात आठवडे होतील.

बातमी मला माझ्याच टेबलावर पडलेल्या पेशंटनं सांगितली. चाकणच्या बाजूच्या एका खेड्यातले गृहस्थ, खांद्याला शेक चालू होता. "डॉक्टर, संत तुकाराम नगरचे पाठवाले डॉक्टर गेले म्हनं. हार्टअटॅक. आंघोळीला गेले ते भाईर आलेच न्हाईत." मी मशीन बंद केलं की तसंच चालू ठेवलं, आठवत नाही. ते छताकडं बघत स्वतःशीच म्हणाले, "आता खांद्याला कुनाकडं जायचं?" माझ्या टेबलावर पडून, माझी पट्टी खांद्यावर घेऊन हा माणूस मला हे विचारत होता. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो, तीस वर्षांची मैत्री असलेला माणूस गेल्याचं दुःख मला नंतर झालं. आधी झोंबलं ते हे वाक्य.

झोंबून घ्यायची सवय जुनीच. फिजिओथेरपीच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला आमची जोडी असायची. मी बार्शीकडून आलेला, तो इथल्याच कंपनीत शिफ्टा करणाऱ्या कामगाराचा मुलगा. एकमेकांच्या पाठीवर शिकलो आम्ही. लेखी परीक्षेत मी कायम त्याच्या वर. पण आमचे सर पालथे पडायचे, डोळे मिटायचे, आणि मणक्यावर कुणाचा अंगठा आहे ते न बघता ओळखायचे. मिलिंदचा लागला की नुसतं "हं..." म्हणायचे आणि जरा वेळानं चक्क घोरायला लागायचे. माझा लागला की म्हणायचे, "अनिल, पुस्तक बंद कर आधी." सगळा वर्ग हसायचा. मिलिंद हसायचा नाही. त्याचाही मला रागच यायचा.

पुढं मी निगडी प्राधिकरणात क्लिनिक टाकलं. दोन मशिनं, मग चार, मग एसी. त्यानं संत तुकाराम नगरात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एक टेबल मांडलं. बस्स. चाकणच्या कारखान्यांतल्या लाइनवर गाडीच्या खाली उभं राहून दिवसभर हात वर करून बोल्ट आवळणारी पोरं त्याच्याकडं रांग लावायची. खांदा धरून आत शिरलेल्याला तो आधी नीट तपासायचा, हाडाचं किंवा आतल्या फाटण्याचं काही वाटलं तर टेबलावर न घेताच हाडांच्या डॉक्टरकडं पाठवायचा. बाकीच्यांना भिंतीला खेटून उभं करायचा, दुखेपर्यंत हात वर न्यायला लावायचा, आणि बोटाचं टोक पोचेल तिथं पेन्सिलनं रेघ मारायचा. मग पालथं पाडून खांद्याला हातही न लावता पाठीच्या दोन पात्यांच्या मधले मणके एकेक करून दाबत जायचा. एकदा मी तिथं असताना एक जण ओरडलाच, "ओ डॉक्टर, खांदा दुखतोय माझा, पाठीत काय हरवलंय तुमचं?" मिलिंद म्हणाला, "भावा, लाइनवर तुझ्यापर्यंत पार्ट आला नाही तर तू स्वतःलाच शिव्या घालतोस का? मागं कुठं अडकलंय ते बघतोस ना?" पोरगा उठला, भिंतीशी गेला, आणि हात पहिल्या रेघेच्या वीतभर वर गेला. मिलिंदनं दुसरी रेघ मारली, पुढं नाव लिहिलं. सगळी भिंत अशा जोडीजोडीनं भरलेली.

"टिकेलच असं नाही हां," हे तो प्रत्येकाला बजावायचा. "आता हात हलका आहे तोवर व्यायाम करून घे. मी दार उघडून दिलंय, चालायचं तुलाच." आणि अर्धा तास स्वतः समोर उभा राहून रबरी पट्टा ओढायला लावायचा. दाबणं पाच मिनिटांचं असायचं, खरा उपचार हा होता. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पुढचं कळायला हे ध्यानात ठेवा.

सहा वर्षांपूर्वी चाकणमधल्या एका कंपनीनं दवाखान्याच्या खोलीत आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसवायचं ठरवलं. कामगारांनी एकमुखानं मिलिंदचं नाव दिलं. मिलिंदनं मला फोन करून सांगितलं, आवाजात लहान मुलासारखा आनंद. "अन्या, वडील ज्या गेटबाहेर सायकल लावायचे ना, तसल्या गेटातनं डॉक्टर म्हणून आत जाणार मी." दुसऱ्याच दिवशी त्या कंपनीचं मला पत्र आलं, त्यांच्या फिजिओथेरपिस्टांच्या यादीवर मी आधीपासून होतो म्हणून. मिलिंदच्या मणके दाबायच्या पद्धतीबद्दल आपलं मत कळवावं. मी कळवलं. परिणाम लगेच दिसतो, पण टिकेलच असे नाही. सर्वांना उपयोग होत नाही. मणक्यावर दाब देताना जोखमीचा विचार करावा लागतो. पत्रातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पहिलं तर मिलिंदचंच, त्याच्याच टेबलापाशी ऐकलेलं. फक्त त्या अर्ध्या तासाचं, व्यायामाचं वाक्य मी लिहिलं नाही. कंपनीनं विषय बंद केला. मिलिंद फोनवर म्हणाला, "जाऊ दे राव, नसेल योग." मी म्हणालो, "या कंपन्या अशाच."

देवाला हिशेब कळतो म्हणतात. दोन वर्षांत माझाच उजवा खांदा धरला. केस विंचरता येईनात, शर्टाची बाही चढवताना डोळ्यांत पाणी. चारही मशिनं लावून झाली. सगळे व्यायाम झाले, दुखत होतं म्हणून अर्धेच. शेवटी एका रविवारी दुपारी, त्याचं क्लिनिक बंद असतं म्हणून मुद्दाम, बसनं गेलो. त्यानं दार उघडलं आणि म्हणाला, "ये राव. चहा की खांदा?"

"तुला कुणी सांगितलं?"

"खिडकीतनं दिसलं, डाव्या हातानं बेल वाजवलीस की. आम्हीपण शिकलोय थोडं."

मला भिंतीशी उभं करून त्यानं रेघ मारली. मग टेबल. कॉलेजानंतर पहिल्यांदा त्याचा अंगठा माझ्या पाठीला लागला आणि सर का घोरायचे ते मला कळलं... लाज वाटली, रागही आला, की हे माझ्या हाताला का नाही. काही वेळानं वरून त्याचा आवाज आला, "टिकेलच असं नाही हां, अन्या." माझं तोंड खाली होतं. त्याचा चेहरा दिसला नाही. तो सगळ्यांना म्हणायचा तेच म्हणाला, की ते पत्र कुणीतरी त्याला दाखवलं होतं? मी विचारलं नाही. आता विचारता येणार नाही.

हात वर गेला. दुसरी रेघ मारून पेन्सिल तशीच धरून तो थांबला. "नाव?" मी शर्टाची बटणं लावत राहिलो. त्यानं पेन्सिल कानामागं खोचली आणि रबरी पट्टा माझ्या हातात दिला. पाच रविवार गेलो. खांदा बरा झाला आणि सोमवारपासून मी तो माझ्या मशिनांच्या नावावर लावला.

त्याच्या अंत्ययात्रेला कंपन्यांच्या गणवेशातली माणसं शिफ्ट सुटल्यावर थेट आली होती. आपल्या वेळेला इतकी येतील का, असं तिथं उभं राहून माझ्या मनात आलं. मेलेल्या माणसाचाही हेवा करता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

गेल्या आठवड्यात मिलिंदच्या बायकोला, वहिनींना भेटायला गेलो. त्याच खोलीत बसवलं त्यांनी. टेबल तिथंच, पेन्सिल दोऱ्यानं खिळ्याला लटकलेली. महिनाअखेर भिंतीला रंग देणार आहेत, त्याआधी मुलगी सगळ्या भिंतीचे फोटो काढून ठेवतेय. वहिनी खिडकीजवळ बोट ठेवून म्हणाल्या, "भावजी, सगळ्यांची नावं आहेत, या दोनच रेघा बिननावाच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाले, त्याचं तो लिहील. कोण असेल हो?"

मी निरखून पाहिल्यासारखं केलं. म्हणालो, "असेल कुणी पेशंट."

हा लेख वहिनी वाचतील. तेवढ्यानं फिटलं, असं मी धरत नाही. रंग लागायच्या आत त्या दोन रेघांपुढं माझ्या हातानं माझं नाव, आणि त्या कंपनीला लिहायचं राहिलेलं ते व्यायामाचं एक वाक्य... मिलिंदचं मी एवढं देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.