पंगत सुटेपर्यंत

माझी नात नूपुर कॉलेजात फ्रान्सच्या जुन्या कादंबऱ्या शिकते. विटेएवढी जाड पुस्तकं. मी चौथीपर्यंत गेलेली, म्हणून ती वाचून सांगते आणि मी मटार सोलत ऐकते. परवा म्हणाली, "आजी, ह्या सगळ्यांचा प्रश्न एकच गं. शिक्षा भोगून आलेल्या माणसाची शिक्षा संपते कधी?"

म्हटलं, "त्यासाठी फ्रान्सला कशाला जायचं? हावड्याला जा, दिलीप टिपणीसला विचार."

दिलीप खिदिरपूरच्या गोदीत, बोटीवरचा माल सोडवणाऱ्या एका कचेरीत होता. कोलकात्यात आम्हा मराठी माणसांचं छोटंसं मंडळ आहे. त्याच्या गणपतीत आरतीला दिलीपचाच आवाज लागायचा. स्वभावाने मऊ. फार मऊ. साहेबाने सांगितलं की मान डोलवायची, हा त्याचा रोग. एकदा पिंपांतून पेट घेणारं रसायन आलं. साहेब म्हणाला, कागदावर रंगाची पावडर लिही. दिलीपला आत काय आहे ते ठाऊक होतं. तरी लिहिलं. गोदाम पेटलं. आत अडकलेल्या सोबत्याला ओढून काढताना रामबिलास नावाच्या बिहारी हमालाचे दोन्ही हात जळाले. बोटं उरली नाहीत.

साहेब सुटला. मोठी माणसं सुटतातच, त्यात नवल ते काय! दिलीप तुरुंगात गेला. त्याच्याविरुद्ध साक्ष दिली ती आमच्या मंडळाचे अध्यक्ष श्यामसुंदरराव यांनी. तेव्हा ते कस्टममध्ये अधिकारी होते. साक्ष खरी होती. दिलीपनेही नाकारलं नाही. तो आत असतानाच बायको गेली. मुलगी गौरी शिकवण्या करत एकटी राहिली.

सुटून आल्यावर तो हावड्याला एका लेथच्या कारखान्यात रात्रीचा पहारेकरी झाला. आणि दुपारी काय करतो? फेरीबोटीने नदी ओलांडतो, बस धरतो आणि खिदिरपूरला रामबिलासच्या खोलीवर जाऊन त्याला जेवू घालतो. पहिल्यांदा गेला तेव्हा रामबिलासने डबा लाथेने उडवला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी, गौरी सांगते, बाबा रिकाम्या हातांनी गेले आणि त्याची खोली झाडून आले. आता रामबिलास जेवतो.

एवढं करून मंडळाला त्याचं काय? त्याला कुणी घालवलं नाही. आमची माणसं सभ्य हो. फक्त गणपतीचं आमंत्रण त्याच्याकडे जायचं राहून जातं. दरवर्षी.

तर गौरीचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा. आमच्याकडे लग्नाआधी मुलीला घरोघर केळवणाला बोलावतात, ओटी भरतात. इथे परमुलखात तर जास्तच. माहेर म्हणजे मंडळच. पण गौरीला एकाही घरचं बोलावणं नाही. शेजारच्या मित्रबाईंनी त्यांच्या पद्धतीचं केळवण, आईबुडो भात, केलं, माशाचं डोकं घालून. बंगाली शेजारणीने पोरीला पाटावर बसवलं आणि आपली माणसं मात्र गप्प! होणारी सासू नागपूरहून विचारते, "केळवणांचे फोटो पाठव की गं." पोर सांगते, "पाठवते, चालू आहेत."

हे कळलं आणि मी फोन लावला. "रविवारी दुपारी बालीगंजला माझ्याकडे ये. बाबांना घेऊन."

"आजी, बाबांना दुपारी रामबिलासकाकांना भरवायचं असतं."

"मग त्यालाही आण."

"आणि बाबांविरुद्ध ज्यांनी साक्ष..."

"त्यांनाही बोलावणार आहे. ते जेवले की बाकीची घरं आपोआप बोलावतील. मेंढरं आहोत आम्ही."

श्यामसुंदररावांना मी गौरीचं केळवण आहे एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "मुलीवर माझा राग नाही, वहिनी. येतो." उरलेलं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

रविवारी गोविंदभोग तांदळाचा भात केला, पुरणपोळी केली, गडियाहाटच्या बाजारातून कोचूची पानं आणून अळूवड्या केल्या. गौरी आधी आली. दिलीपची बस अडकली होती. श्यामसुंदरराव आणि त्यांची बायको आभा मात्र वेळेवर. त्यांना ताटकळत ठेवणं बरं दिसेना, म्हणून पानं वाढली, श्लोक म्हटला. राव पहिला घास तोंडात घालतात तोच बेल वाजली.

दारात दिलीप. मागे रामबिलास, धुतलेला सदरा घातलेला, बाह्या खाली लोंबणाऱ्या.

रावांचा घास तिथेच थांबला. आभा पानाकडे बघत राहिली. मला वाटलं, उठले आता. पण उठतील कसे? पंगतीचा नियम मंडळात त्यांनीच घालून दिलेला: शेवटचा माणूस जेवेपर्यंत कुणी उठायचं नाही. गणपतीच्या जेवणात ऋषभ नावाचा कॉम्प्युटरवाला मुलगा फोन घ्यायला उठला, तर सगळ्यांदेखत त्याला म्हणाले होते, "बस खाली! अन्नासमोर बसलास की तू तुझा नाहीस, पंगतीचा आहेस."

मी दोन पानं अजून मांडली. "बसा. राव, भात घ्या."

"वहिनी, हे तुम्ही बरोबर केलं नाहीत."

"अळूवडी घ्या, मग रागवा."

दिलीपने रामबिलासच्या गळ्याला पंचा बांधला आणि भरवायला सुरुवात केली. भात कालवायचा, फुंकर घालायची, घास द्यायचा, थांबायचं. रामबिलास सावकाश चावतो. पुरणपोळी तुपात भिजवून दिली, तर रामबिलास म्हणाला, "ज्यादा मीठा है."

मी म्हटलं, "जीभ शाबूत आहे हो." गौरी एकटी हसली, घाबरत.

रावांचं पान संपलं. हात वाळला. ते बसून राहिले. दिलीपचं पान तसंच, वरणावर साय धरलेली.

शेवटी राव बोलले. अधिकाऱ्याचा आवाज जात नाही माणसाचा. "रामबिलास, तुमने इसको माफ किया?"

"नहीं साहब. हाथ मेरे गए हैं."

"फिर इसके हाथ से खाते क्यों हो?"

"भूख लगती है. और ये आता है."

राव दिलीपकडे वळले नाहीत, पानाकडे बघत म्हणाले, "शिक्षा संपली म्हणून गुन्हा संपत नाही."

"नाही संपत, साहेब," दिलीप म्हणाला. "माफी मी मागितलीच नाही कधी. मागून रामबिलासना माफ करायचं आणखी एक काम कशाला लावू?"

रामबिलासचं झालं. त्याचं तोंड पुसून दिलीपने स्वतःचं पान पुढे ओढलं. मी गरम वरण आणायला उठले तर म्हणाला, "असू दे, काकू." तो जेवला. आम्ही सगळे बसून. माझ्या आयुष्यात इतकं लांबलेलं जेवण दुसरं नाही, आणि मी लग्नाच्या पंगती उठवल्या आहेत.

गौरीची ओटी भरली. ती पाया पडायला गेली तेव्हा राव म्हणाले, "शनिवारी दुपारी आमच्याकडे ये."

"बाबांना घेऊन?"

"पोरी, मी साक्ष दिली आहे. ती मी मागे घेणार नाही."

"मी कुठे साक्ष मागे घ्या म्हणतेय, काका? मी जेवायचं विचारतेय."

रावांनी आभाकडे पाहिलं. आभा पटकन म्हणाली, "दोघंही या. आणि हे भाऊही."

रामबिलासला मराठीतलं कळलं असावं. इतकी वर्षं मराठी माणसाच्या हातून जेवतोय. म्हणाला, "मैं नहीं आऊँगा. घर-घर दिखाने की चीज़ नहीं हूँ मैं."

त्याला बोलावताना एवढं मला सुचलंच नव्हतं.

दिलीपने त्याच्या गळ्यातला पंचा सोडला, घडी केली. "मग दुपारी मी खिदिरपूरलाच. गौरी, तू जा."

गौरीने पदरातला नारळ घट्ट धरला. "मग मीही नाही."

श्यामसुंदरराव दारात चपला घालत होते. एक पट्टा लागत नव्हता. वाकूनच विचारलं, "कामावर कधी जावं लागतं? संध्याकाळी?"

दिलीप गोंधळला. "सातला निघतो, साहेब."

"आभा, पाचला ठेव."

"अहो, पाच वाजता कुणी केळवण करतं का? चहाची वेळ ती!"

"आपण करू," राव म्हणाले आणि जिना उतरू लागले. दिलीपकडे मात्र त्यांनी तेव्हाही पाहिलं नाही.