कचरू दिवाणजींचे तीस रुपये

विश्रांतवाडीच्या त्या गल्लीत कुणाच्या घरात टक्के शिरले की कचरू ओव्हाळांना बोलावणं जायचं. फ्रिजवर सूट किती, फंडावर व्याज किती, फटफटीवर कर किती. ओव्हाळ बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायचे आणि चहा निवायच्या आत उत्तर द्यायचे. मार्केट यार्डात गुळाच्या एका आडत्याकडे त्यांनी एकतीस वर्षं दिवाणजी म्हणून शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहिल्या होत्या. माल केवढ्याला गेला, कापलं किती, हातात उरलं किती, याचा कागद म्हणजे पट्टी. तिथला एक नियम त्यांच्या हाडात मुरला होता. आडत असो, वटाव असो, धर्मादाय असो, शेकडा जे काही कापायचं ते मूळ रकमेवर. दुसऱ्या रकमेला दिवाणजींनी कधी ओळखच दाखवली नव्हती.

दोन हजार आठ साल होतं. मुलगी मैत्री खराडीच्या एका कंपनीत संगणकावर बसायची आणि तिथेच तिला प्रज्ञेश भेटला होता. मुलगा चांगला, पगार चांगला. अडत होतं ते त्याच्या आईपाशी. ललिताताई येरवड्याच्या शाळेत गणित शिकवायच्या. हसायच्या मोजून, आणि होकार अजून तोंडातून निघाला नव्हता. म्हणून रविवारी दुपारी कल्याणीनगरच्या एका गार हॉटेलात दोन्ही घरं जेवायला जमणार होती. बिल मैत्री देणार होती.

निघताना तिने बजावलं, "पप्पा, बिल आलं की तुम्ही खिडकीबाहेर बघायचं. हिशेब करायचा नाही. शब्द द्या."

"दिला."

"बोटंसुद्धा हलवायची नाहीत."

"अगं, श्वास घेऊ ना?"

बायको यशोधरा म्हणाली, "घ्या, पण मोजून नका घेऊ."

जेवण कसं होतं ते दिवाणजींना आजही सांगता येणार नाही. त्यांचा जीव मेनूकार्डाच्या उजव्या कडेच्या किमतींत अडकला होता. ललिताताई शाळेचं काही सांगत होत्या, हे "हो ना, हो ना" म्हणत होते आणि टेबलाखाली पाय शिवणयंत्रावर ठेवल्यासारखा हलत होता. दोनदा ते हात धुवायला गेले. दुसऱ्यांदा हात कोरडे आणि स्वच्छ असतानाच गेले.

शेवटी बडीशेपेच्या वाटीबरोबर काळ्या पुठ्ठ्यात बिल आलं. दिवाणजींनी शब्दाला जागून खिडकीबाहेर पाहिलं. पण काचेला दुपारची सावली होती आणि काचेत बिल उलटं का होईना, दिसत होतं. जेवण दोन हजार चारशे. सेवा आकार दहा टक्के. व्हॅट साडेबारा टक्के. एकूण दोन हजार नऊशे सत्तर.

पेरांवर अंगठा आपोआप फिरला. दहाने दोनशे चाळीस. साडेबारा म्हणजे रुपयाला दोन आणे, आठवा हिस्सा, तीनशे. झाले दोन हजार नऊशे चाळीस. मग हे सत्तर कुठून उगवले?

त्यांनी पाणी प्यायलं. बडीशेप खाल्ली. पुन्हा पाणी प्यायलं. मैत्रीने डोळे वटारले. तेवढ्यात प्रज्ञेशने मोबाइलवर टकटक केलं आणि म्हणाला, "टिप दहा टक्के. दोनशे सत्त्याण्णव."

एका माणसाने किती सोसावं!

"सत्त्याण्णव?" दिवाणजी उठूनच उभे राहिले. "म्हणजे करावरही टिप? सरकारने वाढप केलं का इथं? आणि सेवेचा आकार आधीच घेतलाय की! वर पुन्हा बिलात तीस रुपये जास्त लावलेत ते वेगळेच! बोलवा मालकाला!"

शेजारच्या टेबलावरचे चमचे थांबले. मैत्रीने कपाळ धरलं. यशोधरा हळूच म्हणाली, "अहो, पुरे झालं." मॅनेजर धावत आला आणि ललिताताईंनी हात वर करून त्याला वर्गातल्या मुलासारखं जागच्या जागी थांबवलं.

"दाखवा तुमचं गणित," त्या दिवाणजींना म्हणाल्या.

दिवाणजींनी खिशातलं पेन काढून कागदी रुमालावर सगळं मांडलं. ओळीखाली ओळ, पट्टीसारखं. ललिताताईंनी चष्मा लावला, वाचलं आणि त्यांच्याच हातातलं पेन घेतलं.

"हा कर कशावर लावलात?"

"मूळ रकमेवर. दुसऱ्या कशावर लावणार?"

"मूळ रकमेत सेवा आकार मिळवा, मग कर लावा. दोन हजार सहाशे चाळीसचा आठवा हिस्सा?"

"तीनशे तीस." दिवाणजी चटकन म्हणाले. मग पेरांवर बेरीज केली. दोन हजार नऊशे सत्तर. टक्क्यावर टक्का! एकतीस वर्षांच्या आडतबाजारात असला बेशिस्तपणा त्यांनी पाहिला नव्हता.

"बरोबर आहे बिल?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"बिल बरोबर, तुम्ही चूक." ललिताताईंनी रुमालावर लाल नसलेल्या पेनानेही लाल वाटेल अशी फुली मारली. "टिपेचं मात्र तुमचं बरोबर. प्रज्ञेश, करावर टिप देतात होय रे? तुला शिकवलं कुणी गणित?"

"तूच, आई."

ताईंनी रुमाल घडी घालून पर्समध्ये ठेवला. "माझी पोरं यंत्रावर उत्तर काढतात आणि पायऱ्या विचारल्या की छताकडे बघतात. यांनी पायऱ्या तरी मांडल्या. पायऱ्यांना गुण असतात. बसा आता खाली, व्याही. लोक बघताहेत."

मैत्रीने कपाळावरचा हात काढला. प्रज्ञेशने तिच्याकडे पाहिलं. यशोधराने पदर तोंडाला लावला. दिवाणजी बसले खरे, पण त्यांचा पाय पुन्हा हलायला लागला होता. टिप दोन हजार चारशेवर द्यायची की दोन हजार सहाशे चाळीसवर, वेटरला तो सेवा आकार मिळतो की मालक गिळतो, हे त्यांना कळल्याशिवाय चैन पडेना. शेवटी त्यांनी वेटरलाच विचारलं. तो मॅनेजरकडे बघून "मिळतो की" म्हणाला, इतक्या बारीक आवाजात की दिवाणजींनी खिशातून पन्नासची नोट काढून थेट त्याच्या हातात ठेवली.

परतीच्या रिक्षात तिघं दाटीवाटीने बसले. विश्रांतवाडीचा चौक आला, मीटर थांबला, दिवाणजींनी सवयीने मीटर आणि भाड्याचा तक्ता ताडून पाहिला. आणि सुटे मोजता मोजता त्यांचा हात अधांतरीच राहिला.

"यशोधरा," ते म्हणाले, "त्या ताई मला काय म्हणाल्या गं? बसा म्हणाल्या, त्याच्यानंतर?"