कुंडीतली द्राक्षं आणि पऱ्हाटीचा धूर

आई गेल्यावर बाबांना मी संग्रामपूरकडच्या गावाहून नांदुऱ्याला माझ्याकडे आणलं, जवळजवळ ओढूनच. गावात ते एकटे. एकदा रात्री अंगणात पडले, ते शेजाऱ्यांना सकाळी कळलं. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. ते माझ्यापाशी राहावेत, एवढंच मला हवं होतं आणि ते मात्र रोज संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवत विचारायचे, "उद्या मले गावी पोहचवून देतं काय?" मी ऐकलंच नाही असं दाखवून भाजी चिरत बसायचे.

माझ्या गच्चीवर दोन मोठ्या कुंड्यांत द्राक्षाचे वेल होते. जन्मभर कपाशी पिकवलेल्या माणसाला त्याचं हसूच आलं. "कुंडीत कुठी शेती असते, बाई? खेळ हाये हा." पण थंडी पडली तसे ते स्वतःच तिथे रेंगाळू लागले. मी संध्याकाळी पाणी घालायला गेले तर खालूनच ओरडले, "थंडीत रातभर मुळं ओली ठेवतं? सकाळी ऊन आल्यावर देजो." मग पाणी देणंच त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. पानांवर पांढरी भुरी दिसली की जुन्या धोतराच्या तुकड्यानं हलकेच पुसायचे. ऊन सरकलं की कुंडी सरकवायचे, मागोमाग स्वतःची खुर्चीही.

काय सकाळी होत्या त्या! धुक्यात स्टेशन दिसायचं नाही. मालगाडी जायची, ती नुसती ऐकू यायची. ती इतका वेळ जात राहायची की गाडी थांबलीय आणि आपली गच्चीच कुठेतरी चाललीय असं वाटायचं. बाबा घोंगडी पांघरून दोन वेलांच्या मधे बसलेले, डोळे मिटलेले. झोपलेत की जागे, कळायचं नाही. संध्याकाळचा तो प्रश्न बंद झाला होता. मी इतकी खूश होते की कुणाशी बोलायलाही भीत होते, उगाच नजर लागायची.

त्यातच त्यांनी माझ्या मोबाइलवर पाहिलं, की नाशिककडचे बागायतदार कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. पाहिलं आणि पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

एका पहाटे झोपेत मला पऱ्हाटीच्या धुराचा वास आला. कपाशीची वाळलेली झाडं आमच्या गावी चुलीत जळायची, त्यावर आई अंघोळीचं पाणी तापवायची. मी लहान झाले होते. अंगावर गोधडी होती आणि आई म्हणत होती, "ऊठ वं, पाणी आटून राह्यलं." मी म्हटलं, थांब ना गं थोडं. खूप बरं वाटत होतं. मग एकदम लक्षात आलं, आई कुठली? आणि आपल्याकडे तर गॅस आहे!

अनवाणीच गच्चीवर धावले. दोन कुंड्यांच्या मधोमध घमेल्यात पऱ्हाट्या धडधडत होत्या आणि बाबा गुडघ्यांवर बसून फुंकर घालत होते. बाजारातून मोळी आणून पाण्याच्या टाकीमागे लपवली होती म्हणे. "अहो बाबा! अख्ख्या बागेची शेकोटी दोन कुंड्यांना?" मला हसू आवरेना. बाबा हसले नाहीत. उजाडलं तेव्हा एका वेलाची सगळी पानं भाजलेल्या पापडासारखी वळली होती. त्यांनी एक पान चिमटीत धरलं, त्याचा चुरा झाला.

जळलेले शेंडे त्यांनी निगुतीनं कापले, कात्री धुऊन ठेवली आणि पिशवी भरायला घेतली. मी विनवलं, मग चिडले. "एका वेलापायी जाता?"

"वेलापायी नाई," ते म्हणाले, "जिथलं आपल्याले समजत नाई, तिथं माणसानं काऊन राहाव?"

बस गेली आणि मी स्टँडवर चारचौघांत रडले. लाजबीज काही वाटली नाही.

मग रोज सकाळी त्यांचा फोन यायचा. मी जेवले का, बरी आहे का, काही नाही. जळलेल्या वेलाला नवी फूट आली का, एवढंच. "फुटली काय?"

"नाही, बाबा."

"हाव," म्हणायचे आणि फोन बंद. मग मी दिवसभर काळजीत, आज जेवले असतील का, अंधारात अंगणात तर गेले नसतील ना.

संक्रांत झाली. उन्हाला जरा धार आली. एका सकाळी पाहिलं तर जळलेल्या वेलाच्या एका डोळ्यातून फूट डोकावत होती, गुलाबीसर, लव असलेली. मी तिथंच बसले. फोन वाजला.

"फुटली काय?"

फूट माझ्या नाकासमोर होती.

"नाही, बाबा," मी म्हटलं. "मला तर वाटतं वेल जातोय. मला काही समजत नाही हो. तुम्हीच येऊन पाहा."



"हात नको लावजो त्याले," बाबा म्हणाले. "म्या सकाळच्या गाडीनं येतो."

आले की पहिल्यांदा त्यांना ती फूटच दिसणार होती. दिसू दे.